चरबी, मांस, गाठ

अमरावतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौदा वर्षं रिपोर्ट टाईप करते आहे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघत बोलतात, ते रेकॉर्ड होतं आणि मी कानाला हेडफोन लावून ते उतरवते. शिक्षणानं मी संस्कृतची. अकोल्याला एम. ए. केलं आणि त्या पदवीचं पुढं काय करायचं हे कुणालाच, मला धरून, सांगता आलं नाही. टायपिंग येत होतं म्हणून इथं लागले.

पहिल्या वर्षी त्या शब्दांनी जीव नकोसा केला. स्पेलिंग चुकलं की डॉक्टर काही न बोलता कागद परत पाठवायचे, आणि ते न बोलणंच जास्त लागायचं. मग अकोल्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात वैद्यकीय शब्दांच्या व्युत्पत्तीचा जाडजूड कोश हाती लागला. धातू आणि प्रत्यय सुटे करायची सवय होतीच. ग्रीक आणि लॅटिन शब्दही तसेच सुटे होतात हे कळल्यावर मी हावरटासारखी वाचत सुटले. माकडहाडाचं डॉक्टरी नाव कोकिळेच्या जातीतल्या एका पक्ष्यावरून पडलं आहे, हाड त्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणून. नडगीच्या हाडाचं नाव बासरीवरून. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला रोमन लोक छोटी बाहुली म्हणायचे, आणि आपणही बाहुलीच म्हणतो. आमच्या लॅबमध्ये दिवसभर ज्याचा वास भरलेला असतो, त्या फॉर्मालिनच्या नावात मुंगी आहे, कारण त्या घराण्यातलं पहिलं आम्ल मुंग्यांपासून काढलं होतं. हे सगळं मला माहीत असावं याची कुणालाच गरज नव्हती. मला मात्र त्याचा फार अभिमान होता.

दुपारी काउंटरवरची मुलगी जेवायला गेली की तिच्या जागी मी बसते. रिपोर्टचा अर्थ डॉक्टरच सांगतील, अशी तिथं पाटी आहे. पण आमच्याकडची माणसं पाकीट घरी नेऊन उघडत नाहीत. तिथंच फाडतात, कागद उलटसुलट करून पाहतात आणि पुन्हा काचेच्या खालून आत सरकवतात. "ताई, का लिवलं हाय?" आपण गप्प बसलो तर वाईटच आहे असं धरून चालतात, आणि "सांगता येत नाही" म्हटलं तर रडायलाच लागतात. म्हणून मी एक मधला रस्ता काढला होता. अर्थ डॉक्टर सांगतील, शब्द कुठून आला तेवढं मी सांगते, असं म्हणायचं. नियमही मोडत नाही आणि माणूसही रिकाम्या हातानं जात नाही, असा माझा हिशोब. चांदूर बाजारकडच्या एका म्हातारीच्या रिपोर्टात ल्यूपस होता. ल्यूपस म्हणजे लांडगा, मी सांगितलं. "लांडगा कुठून आला बाप्पा," ती म्हणाली, "आमच्या वावरात तं रानडुकरंच हायेत." दोघीही हसलो. मला वाटलं, छान चाललं आहे.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी माझे मामा आले. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, बाजूला थोडा भाजीपाला. मांडीत गाठ आली होती, दुखत नव्हती. अमरावतीच्या सर्जननं त्यातला तुकडा काढून आमच्याकडे पाठवला होता, आणि रिपोर्ट घेऊन सोमवारी या असं त्यांना सांगितलं होतं. तो रिपोर्ट आदल्या दिवशी मीच टाईप केला होता. त्यात लायपोसार्कोमा असं लिहिलं होतं. हा कॅन्सर आहे हे मला माहीत होतं.

मामांनी पाकीट फाडलं आणि कागद आत सरकवला. त्यांच्या मागं चार माणसं उभी होती.

"का म्हनते रिपोर्ट?"

"अर्थ डॉक्टर सांगतील, मामा."

"मंग तू का करते इथं? थो शब्द तं सांग."

मी सांगितला. लायपो म्हणजे चरबी, सार्क म्हणजे मांस, ओमा म्हणजे गाठ. प्रत्येक तुकडा अगदी बरोबर होता. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

"म्हंजे चरबीची गाठ," मामा म्हणाले. "आमच्या शेजाऱ्याच्या पाठीवर वीस वर्सांची हाय."

मी म्हणाले, "सोमवारी डॉक्टरांना नक्की दाखवा." दोनदा म्हणाले. त्यांनी मान हलवली, माझ्यासाठी आणलेली वांगी काउंटरवर ठेवली आणि ते बसस्टँडकडे गेले. संध्याकाळी फोन करावा असं मनात आलं होतं. केला नाही. ते सोमवारी जातीलच आणि डॉक्टर नीट सांगतीलच, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे कॅन्सर हा शब्द मामांना माझ्या तोंडून ऐकावा लागू नये, एवढंच मला हवं होतं.

ते सोमवारी गेले नाहीत. संत्रा तोडायला आला होता, आणि त्यानंतर कौंडण्यपूरची यात्रा होती. घरात त्यांनी सांगितलं होतं की भाचीनं रिपोर्ट वाचला, चरबीची गाठ आहे. भाची शिकलेली आणि लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे कुणी पुढं विचारलंच नाही. मार्गशीर्षात मामीचा फोन आला की गाठ नारळाएवढी झाली आहे आणि मामांना बसता येत नाही. मी त्याच दिवशी त्यांना नागपूरला घेऊन गेले. तिथं पाय खुब्याजवळून काढावा लागला. वेळेवर आले असते तर पाय बहुतेक वाचला असता, असं तिथले सर्जन म्हणाले. तीन महिने काय करत होता, असं त्यांनी चिडून विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

"संत्रा तोडून राहिलो होतो," मामा म्हणाले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला फार लाज वाटली. त्यांनी चारचौघांत दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लॅबमध्ये परतल्यावर मी दुपारी काउंटरवर बसणं बंद केलं. कारण विचारलं तेव्हा कंबरदुखी सांगितली.

या उन्हाळ्यात मामा कुबड्यांवर माझ्या घरी आले. त्या दिवशी सकाळी अमरावतीतच त्यांच्या छातीचा स्कॅन झाला होता. मुलाला त्यांनी खाली गाडीतच बसवून ठेवलं होतं. वर येताना त्यांना धाप लागली होती, म्हणून मी पाणी दिलं. ते प्यायले आणि त्यांनी पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. ते फाडलेलं नव्हतं.

"वाच," ते म्हणाले. "आन या बारीनं शब्द कुठून आला थे नको सांगू. मी कुठं चाल्लो थे सांग."

मी वाचलं. कागद छोटा होता, पण मी तो दोनदा वाचला.

"कॅन्सर फुफ्फुसात गेला, मामा. दोनीकडे."

"निंगते का थो?"

"नाई निंगत. औषध देतीन, काही दिवस बरं वाटन. पन जानार नाई."

मामांनी कागद मागून घेतला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि कुबडी हातात घेतली. उठवायला मी हात पुढं केला. तो त्यांनी धरला, पण ते लगेच उठले नाहीत.

"हे तवाच सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं मी का तुह्यावर रागावलो असतो, पोरी?"