भिजवलेल्या फरशीची चाचणी

त्या फरशीची मागची बाजू मला आजही दिसते. कोरी, जणू तिला कधी काही लागलंच नव्हतं.

इगतपुरीला पावसात एका लॉजच्या बाहेरच्या भिंतीवरची दगडी फरशी निसटली. खाली घमेलं घेऊन उभी असलेली मजूर बाई जागीच गेली. फरशी उन्हाळ्यात तिच्याच गवंडी नवऱ्याने बसवली होती. पोलीस ठाण्यात तो मला एवढंच म्हणाला, "मीच मारली सायेब तिला."

सासऱ्याने फिर्याद दिली की, फरशी सैल झाल्याचं ठाऊक असून जावयाने तिला खाली उभं केलं. मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं. जामीन नाकारला गेला. कबुली मिळाली की ठाण्यात सगळ्यांना हायसं वाटतं. मलाही वाटलं.

दोन दिवसांनी त्याच कामावरची एक बाई मला आडवी आली. "लय हुशार तुम्ही! गवंडी धरला. फरशी चिकटवायच्या केमिकलच्या गोण्यांवरची नावं ठेकेदारानं फाडली, ती नाय दिसली?"

उरलेली गोणी जप्त करून मी नाशिकच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या मॅडमनी त्या केमिकलने फरशीचे तुकडे चिकटवले, सुकू दिले, मग एक यंत्राने ओढला. फरशी फुटली, पण जोड सुटला नाही.

"म्हणजे माल चांगला," मी म्हणालो.

"कोरड्यात. भिंत इगतपुरीची आहे ना, साहेब? बाकीचे पाण्यात ठेवते."

दरम्यान गवंड्याचा निरोप आला होता, "दहाव्यापुरतं तरी सोडा." मी रिपोर्टची वाट पाहत राहिलो.

भिजलेला तुकडा यंत्राला लावताच काटा जेमतेम हलला आणि फरशी अलगद सुटून आली. ती मी ठेकेदारापुढे ठेवली.

"घरातल्या भिंतीचा माल आहे," तो शेवटी म्हणाला. "स्वस्त पडतो. दिसायला सारखाच ना, साहेब."

"आणि पाऊस?"

मी त्याला अटक केली.

गवंडी सुटला त्या दिवशी मी स्वतः तुरुंगाच्या दारात गेलो. म्हणालो, "तुझा दोष नव्हता. केमिकल बाहेरच्या भिंतीचं नव्हतंच."

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "दहावा कुणी केला, सायेब?"

"तिच्या भावाने."

तो तिथेच दगडावर बसला.

रिपोर्ट हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम मी नोकरीभर अभिमानाने पाळला. त्याच्या आडोशाला माझा भित्रेपणा लपला होता, हे या प्रकरणाने दाखवलं. मला शंका दहाव्याच्या आधीच आली होती. न्यायालयाला तसं कळवायला एका पानाचा अर्ज पुरला असता. मी तो लिहिला नाही.