सुनंदा कधीही ‘समवेत’ म्हणत नसे

माझ्या पत्नीच्या नावाने आज सकाळपासून जे मराठी फिरत आहे, ते तिचे नाही.

ते माझे आहे. आणि मला त्याची किळस येत आहे.

आज सुनंदाला जाऊन एक वर्ष झाले.

सकाळी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्टर आले. मध्यभागी तिचा फोटो. भोवती चित्रपटाची रिळे आणि पॉपकॉर्नची बादली. फोटोला झेंडूचा हार, आणि कोणा कलावंताने तोच हार त्या बादलीलाही घातलेला.

वर मथळा : ‘सुनंदाताईंनी सुचविलेले, घरबसल्या सहकुटुंब पाहण्याजोगे चित्रपट.’

एका सद्गृहस्थांनी खाली लिहिले, ‘काकूंना RIP. पूर्ण लिस्टची पीडीएफ मिळेल का?’

दुसऱ्या भगिनींनी विचारले, ‘मुलांसाठी वेगळी लिस्ट आहे का? सुट्ट्या लागल्यात.’

वर्षश्राद्धाच्या दिवशी! पान अजून वाढायचे होते.

मी संतापून उत्तर लिहायला घेतले. त्यापूर्वी पोस्टरवरील मजकूर नीट वाचला, आणि माझा हात थांबला. त्यातील प्रत्येक वाक्य मी रचलेले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो.

सुनंदा दर शुक्रवारी ग्रुपवर एक चित्रपट सुचवीत असे. नट कोण, दिग्दर्शक कोण, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. तिचा प्रश्न एकच : घरात कोण कोण बसणार आहे?

सासूबाई असतील तर एक चित्रपट. जावई आले असतील तर दुसरा. नवराबायकोंत अबोला असेल तर तिसरा, आणि तो हमखास विनोदी.

प्रत्येक चित्रपट ती आधी दुपारी एकटी पाही. मांडीवर कागद घेऊन. अवघड प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ते लिहून ठेवी, म्हणजे त्या मिनिटाला आजोबांना चहाचे विचारता येते.

सुरुवातीला ती हे सारे बोलून पाठवीत असे. ऑडिओ.

ती इंदूरच्या छत्रीबागेत जन्मलेली. घराण्याची तिथली तिसरी पिढी. तिच्या मराठीत निम्मी हिंदी. मी नोकरीनिमित्त साताऱ्याहून आलेला, मराठी घेऊन एम.ए. झालेला.

मला त्या ऑडिओंची लाज वाटे.

“ग्रुपवर शिकलेली माणसे आहेत,” मी तिला म्हणालो. “तू सांगत जा, मी लिहितो.”

“लिहा न. पण माझी गंमत नका काढून टाकू.”

मी ती प्रत्येक वेळी काढून टाकली.

ती सांगे, “जावई आलेले असले तर ही फिल्म लावूच नका. एक सीन असा आहे, सगळे पंख्याकडे बघत बसाल.”

मी लिहिले : ‘सदर चित्रपट जावयांसमवेत पाहणे उचित नाही.’

ती सांगे, “लास्टला इतकी रडली मी, कुकरच्या शिट्ट्या मोजायचीच भूलली.”

मी लिहिले : ‘शेवट हृदयस्पर्शी.’

ती वाचे. “हो, शुद्ध आहे,” एवढेच म्हणे आणि आत जाई.

मी त्याला प्रशंसा समजत होतो.

पुढे मोबाईलची मेमरी भरली. मी माझ्या आणि तिच्याही मोबाईलमधील जुने ऑडिओ पुसून टाकले. तिला विचारले नाही. ज्यांची लाज वाटते त्या गोष्टी पुसताना परवानगी घ्यावी, असे मला सुचले नाही.

गेले वर्षभर तिचा आवाज माझ्यापाशी नाही.

आज पोस्टर पाहून नलूताईंचा फोन आला. सुनंदाची बालमैत्रीण, अजूनही छत्रीबागेतच राहतात.

“भाऊजी, पोस्टर बढिया आहे. पण त्याच्यात आमची सुनंदा कुठे आहे? ती जिंदगीत कधी ‘समवेत’ बोलली होती का?”

“ते सगळे मी लिहिलेले आहे,” मी म्हणालो.

“सॉरी हं, बुरा नका मानू.”

मी विचारले, “तुमच्याकडे तिचा एखादा जुना ऑडिओ आहे का?”

“बघते. मी काही डिलीटच नाही करत, पोरं ओरडतात मला.”

अर्ध्या तासाने एक ऑडिओ आला. एकच. पाऊण मिनिटाचा. तो खाली उतरवीत आहे. एकही अक्षर बदललेले नाही.

‘हां, तर सगळ्यांना नमस्कार. या संडेला ती दोन बहिणींवाली बघा, स्कूटर शिकतात ती. आज्जीबिज्जी सगळ्यांना बसवा, एकदम सेफ आहे. हाफ टाइमनंतर जरा स्लो होते, तेव्हा भजे तळून घ्या. आणि बाबा लोकांनो, मोबाईल बाजूला ठेवा हं. मग विचारत बसता, ही कोण आहे, ही कोण आहे. अरे, तीच आहे, साडी बदलली तिने!’

येथे मागून एका माणसाचा आवाज येतो : “‘बघा’ नव्हे, ‘पाहा’.”

तो माणूस मी आहे. अख्ख्या पोस्टरमध्ये नाही, इतके किळसवाणे काही त्या तीन शब्दांत आहे.

त्यावर ती म्हणते, ‘तुम्ही चूप बसा हो. मी बोलून राहिली न.’

आणि हसते. तिथे ऑडिओ संपतो.

मंडळाला विनंती : ते पोस्टर कृपया काढून टाकावे. पीडीएफ मिळणार नाही.

आणि आपणा सर्वांना हात जोडून विनंती : कोणाच्या मोबाईलमध्ये तिचा आणखी एखादा ऑडिओ राहिला असेल, तर मला पाठवा. कितीही हिंदी असो, कितीही खरखर असो. मी दुरुस्त करणार नाही.

सुनंदा, तू बोल.

मी चूप बसतो.