मी कशाला हो म्हणलो

परभणीला नातीच्या कॉलेजात माणसांचे चेहरे मोजायचं काम चाललं होतं. दोघांना शेजारी बसवून हसायचा सिनेमा लावायचा आणि समोरच्या कॅमेऱ्यात दोघांचे चेहरे घ्यायचे. कोण कधी हसलं, कुणाची मान कधी हलली, दोघांचं एकदमच झालं का, ते कॉम्प्युटर मोजतो. नातीला म्हातारी जोडपी पाहिजे होती. आमी दोघं गेलो.

मला तेव्हाच ऐकू कमी येत होतं. बायकोला सांगितलं नव्हतं. बहिरा म्हणून घ्यायची लाज वाटायची. सिनेमातलं एक अक्षर कळंना. ती हसली की मी हसायचो. मधीच ती माझ्याकडं वळून काहीतरी बोलली. मी मुंडी हलवून हो म्हणलं.

बारा दिवसांनी तिच्या छातीत कळ आली. गंगाखेडच्या दवाखान्यापर्यंत जिती पोचलीच न्हाई. डॉक्टर म्हणाला, "आधी कधी दुखलं होतं का?" तवा मला ती खोली आठवली. दुखतंय म्हणली असंल तर? दवाखान्यात न्या म्हणली असंल, आणि मी नुसती मुंडी हलवली असंल तर? हे कुणाला बोललो न्हाई. जेवण जाईना.

मग एक दिवस नात घरी येऊन सांगायला लागली, "आबा, मोजून झालं. शुक्रवारी सगळं शूटिंग पुसायचंय. नुसते आकडे ठेवायचेत."

"आधी मला दाखव."

"रडताल तुमी."

"रडतो की. दाखव."

शुक्रवारी सकाळी राणीसावरगावहून एसटीनं निघालो. गंगाखेडला गाडी बदलली. वाटभर डोक्यात एकच, पुसून टाकलं असंल तर.

पुसलं नव्हतं. नातीचे सर एकदाच दाखवतो म्हणाले. पडद्यावर आमी दोघं, आणि खाली दोन रेघा, एक तिची, एक माझी.

सर म्हणाले, "आजोबा, आजी हसल्या की लगेच तुम्ही हसता. फार छान जुळलंय."

"जुळलंय कशाचं? मी तिची नक्कल करायलोय."

पडद्यावर ती माझ्याकडं वळली. मी खुर्ची पुढं ओढली.

"आवाज कुठंय?"

नात म्हणली, "आवाज घेतलाच न्हाई आबा. फक्त चेहरे."

पण ओठ बघून बोलणं ओळखायची सवय मला त्या सिनेमानंतर झालेली होती. म्हणलं, "हळू चालव." आधी तिचा हात बघितला. छातीवर नव्हता, मांडीवर होता. मग ओठ बघितले.

"आवं, ऐकू येईना का तुमाला?"

आणि मी मुंडी हलवली. हो. दोनदा. तिनंही हलवली. खाली दोन्ही रेघा एकदमच वर गेल्या.

त्या दिवसापासून ती बोलायची तर समोर येऊन बसायची. चूल सोडून यायची. मी एकदा खेकसलो बी होतो, "तोंडावर येऊन काय बसतीस?" ती म्हणली होती, "तोंड बघायलेय तुमचं."

सरांनी शूटिंग बंद केलं. नात मागून काहीतरी विचारत होती, खांदा हलवत होती.

"समोर येऊन बोल," मी म्हणलं. "मला ऐकू येत न्हाई."