नंबर नसलेली गाडी

आमच्या ऑफिसातले दादा या जगात कशावरच विश्वास ठेवत नसत, आणि अशा माणसाला मी फसवलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दादा मूळचे चऱ्होलीचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. लिफ्ट आली की आधी ती रिकामीच वर पाठवायचे, सुखरूप परत आली की मगच आत शिरायचे. एकदा मोशीत फ्लॅट बघायला मी त्यांना सोबत नेलं, तर त्यांनी सँपल फ्लॅटमधले झाडून सगळे नळ सोडले आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं, "ह्ये पानी समद्या मजल्यांना हाय, का निस्तं गिऱ्हाइकाला दावायला?" तो हसला. दादा हसले नाहीत. फ्लॅट घ्यायचा राहिला.

आमची कंपनी महाळुंग्याच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. गेटवर गाडीची माहिती भरली की ती आमच्या प्रोग्रामकडे येते आणि तो 'सोडा' किंवा 'थांबवा' असं उत्तर देतो. हे उत्तर बरोबर येतं का ते बघायला बाकीचे लोक अख्खा सर्व्हर चालू करायचे, डेटाबेस जोडायचे आणि तोवर कँटीनला जाऊन यायचे. दादांना ते बिलकूल मान्य नव्हतं. "मांडव घालून, वऱ्हाड बसवून मग नवरदेवाला नाव इचारता व्हय?" ते सर्व्हर लावतच नसत. गेटवरून यावी तशी खोटी माहिती स्वतः बनवून थेट प्रोग्रामच्या हातात द्यायची, आणि तो काय बोलतो ते ऐकायचं. पापणी लवायच्या आत शेकडो खोट्या गाड्या त्यांच्या लॅपटॉपमधल्या गेटवर येऊन जायच्या: पुढच्या वर्षाची तारीख घातलेली, वजन उणे असलेली, ड्रायव्हरच्या नावाच्या जागी नुसतं टिंब असलेली. प्रत्येक गाडीची एक चाचणी. पास झाली तर हिरवी, नापास झाली तर लाल. सगळं हिरवं दिसलं की दादांचा संशय दुप्पट व्हायचा. मग ते मुद्दाम प्रोग्राम बिघडवून चाचणी लाल होते की नाही ते बघायचे.

फक्त माझं काम ते कधी तपासत नसत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "तुमच्यावर बी संशय घ्याया लागलो तर राव, दुपारी डबा कुनासंगं खाऊ?"

एक दिवस नवा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, आणि दादा रजेवर होते. त्यांची एकच चाचणी लाल होती: गाडीला नंबरच नाही. दुरुस्तीला दोन दिवस गेले असते. बिननंबरची गाडी येणार कुठून, असं म्हणून मी ती चाचणीच पुसली आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'साफसफाई'. चाकणच्या पट्ट्यात वीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला एवढं सुचू नये? इथे कारखान्यातून रोज कोऱ्या गाड्या बाहेर पडतात, आणि कोऱ्या गाडीला नंबर नसतो.

दुसऱ्या सकाळी पहिल्याच कोऱ्या गाडीला प्रोग्राम बंद पडला. गेटचा अडसर वर जाईना, गाड्यांची रांग पार आतपर्यंत गेली. दादा कामावर आले तेव्हा साहेब सगळ्यांसमोर त्यांच्यावर घसरले, "सर्व्हर न लावता कसली डोंबलाची टेस्टिंग करता तुम्ही?" मी तिथेच उभा होतो. दादा चाचण्यांची यादी वरखाली करत राहिले. "ही म्या लिवली हुती की." मग हळूच, "नसंल लिवली. वय झालं, राव." बदलांच्या नोंदी उघडल्या असत्या तर माझं नाव दोन मिनिटांत सापडलं असतं. पण शेवटचा बदल माझा होता आणि माझं काम ते तपासत नसत, म्हणूनच त्यांनी त्या उघडल्या नाहीत.

वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली. परवा चऱ्होलीत भेटले, खूप बोलले. मधेच खिशातून चिठ्ठी काढून वाचली: गॅस बंद केला, कुलूप लावलं. "डोक्याचा भरवसा न्हाई आता," म्हणाले. मी मान हलवली.

दादा, ती चाचणी तुम्ही लिहिली होती. मी पुसली. एवढं मला त्यांच्या समोर बसून सांगायचं आहे, आणि ते मी अजून सांगितलेलं नाही.