छावणीतलं पटांगण

मिकेस गेला तेव्हा डार्विनजवळच्या लष्करी छावणीतल्या पटांगणाचं काम नुकतंच त्याच्या घरच्या काँक्रीटच्या धंद्याला मिळालं होतं. भोजनगृहासमोरच्या गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात सैनिक घसरून पडायचे. ती फरशी उखडून खडबडीत काँक्रीट घालायचं होतं. मिकेस मात्र मासळीबाजाराबाहेर, गाडीच्या दारापाशीच कोसळला.

"वहिनी, सोडून देऊ या हे काम," धाकटा दीर सेवास्तोस म्हणाला. "अशा वेळी कोण अडवणारे?"

"करून टाकू," मिकेसची बायको थेमेलिना म्हणाली.

आजवर तिनं धंद्याचा फक्त टेलिफोन आणि बिलं सांभाळली होती. आता काळ्या कपड्यांवर पिवळं जाकीट चढवून ती रोज सकाळी गाडी घेऊन छावणीच्या फाटकावर जायची. लोकांना वाटायचं, बाई खंबीर आहे. खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं. पाव खाल्ला तरी पुठ्ठा चघळल्यासारखं वाटायचं. अ‍ॅडलेडहून लेक फोनवर रडायची, आणि ही रिसीव्हर कानाला लावून भिंतीकडे बघत बसायची.

फाटकावरचा पहारेकरी ओळखीचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "मिकेस नाही आला?"

"आज नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यानं विचारणंच सोडलं.

जुनी फरशी निघाली, काँक्रीट पडायला लागलं. वरचा थर अर्धवट घट्ट झाला की पाण्यानं धुवायचा, म्हणजे खडी वर दिसते आणि बूट धरून ठेवते. एका दुपारी कोरडा वारा सुटला आणि पटांगणातल्या झाडाखालचा अख्खा तुकडा धुण्याआधीच दगड झाला.

सेवास्तोसनं कपाळावर हात मारला. "मेलो! आता छावणीच्या कॅप्टन मॅडम सही करतील होय?"

"फोडा. परत घाला."

"अहो वहिनी, निदान ओरडा तरी! दादा असता तर माझी सालटी काढली असती."

ती पाण्याची नळी गुंडाळत राहिली.

तो तुकडा परत घालायला छावणीनं शनिवार दिला. त्या दिवशी तिथं कुणी नसतं. मिकेसच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं स्मरण त्याच शनिवारी होतं.

"सगळे काली‌म्नोस बेटावरचे आपले ग्रीक लोक चर्चमध्ये येणार," सेवास्तोस म्हणाला. "तुम्ही तिथून काँक्रीट ओतायला निघालात तर काय म्हणतील?"

"म्हणू देत."

सकाळी चर्चमध्ये पाद्र्यानं मिकेसचं नाव घेतलं. ती मेणबत्तीकडे बघत उभी राहिली. मग स्मरणाला वाटून उरलेल्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं गाडीत ठेवून छावणीत आली. काँक्रीट पडलं, वेळेवर धुतलं गेलं. सगळे गडी पटांगणाच्या काठावर बसून गहू खाऊ लागले. साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे घातलेले.

पाहणीला आलेल्या कॅप्टनबाईंनीही एक वाटी घेतली. "छान आहे हो! कसला सण?"

सेवास्तोस म्हणाला, "माझ्या भावाला जाऊन आज चाळिसावा दिवस आहे. मिकेसचा."

बाईंच्या हातातला चमचा थांबला. "पण... मला कुणीच सांगितलं नाही. मी त्यांच्या नावानं निरोप पाठवत होते."

"मीच उत्तरं देत होते," थेमेलिना म्हणाली. "खा ना. साखरेला पाणी सुटतं."

बाईंनी मान खाली घालून वाटी संपवली. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड आहे एवढंच तिला जाणवलं.

पुढच्या आठवड्यात काम पास झालं. सैनिक जेवायला त्यावरून गेले, कुणी खाली पाहिलंसुद्धा नाही. गडी हसतखेळत सामान भरत होते. थेमेलिना गाडीत जाऊन बसली आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं, की मिकेस गाडी चालवायचा तेव्हासारखे आपण शेजारच्या सीटवर बसलोय.

ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे स्टीअरिंगसमोर बसली आणि किल्ली फिरवली.