खालचे सगळे मेले

आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. हळ्ळीखेडच्या शिवारात तळ पडला की चारा संपायच्या आतच आजोबांचे पाय खाजायला लागत, असं घरात सांगतात. वडिलांनी शेती धरली, मी बीदरला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं आणि मेंढरं गेली. खाज मात्र गेली नाही. ती माझ्या उजव्या हाताच्या बोटात, माऊसच्या बोटात, येऊन बसली.

घरी एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स घातलं. लिनक्समध्ये एक भलतीच सोय असते. पडद्यावरचा सगळा संसार, म्हणजे प्रोग्रामच्या चित्रांची पट्टी कुठं, मेनू कुठं, खिडकी बंद करायची फुली डावीकडं की उजवीकडं, हे आपल्याला निवडता येतं. असे तयार संसार फुकट मिळतात. त्यांना डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एक उतरवायचा, दुसरा चढवायचा. मशीन तेच, फायली त्याच, पण उघडल्यावर दुसऱ्याच गावात आल्यासारखं वाटतं. नव्या डेस्कटॉपची पहिली दहा मिनिटं मी नवरदेवासारखा बसतो. मग कुठंतरी एखादं बटण जरा तिरपं दिसतं. ते एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही, आणि मन पुढच्या तळाकडं बघायला लागतं.

हे सगळं एकट्याचं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण त्याच कॉम्प्युटरवर माझी बायको परीक्षेची तयारी करत होती.

बायको कलबुर्गीकडची, कानडी घरातली, कमठाण्याच्या शाळेत शिक्षिका. घरात ती मराठी बोलते, घाईत कानडी बोलते आणि चिडली की दोन्ही एकदम. शिक्षण खात्याची कॉम्प्युटर परीक्षा पास झाल्याशिवाय तिला मुख्याध्यापिकेची बढती मिळणार नव्हती. आधीच्या खेपेला ती नापास झाली होती. फाइल सेव्ह करायची जागाच तिला सापडली नव्हती, आणि ती शोधण्यातच वेळ संपला होता. ही गोष्ट तिनं शाळेत कुणालाच सांगितली नव्हती. या खेपेला पुन्हा तसंच झालं तर सांगावी लागणार होती, कारण बढती तिच्यानंतर लागलेल्या बाईंना जाणार होती.

तर एका सकाळी दुकानात जायच्या आधी मी कॉम्प्युटरचा तळ हलवला. जुन्या डेस्कटॉपची पट्टी खाली होती, नव्याची वर. बायकोला त्या दिवशी सुट्टी होती. अकराच्या सुमाराला तिचा फोन आला. माझे दोन्ही हात तांब्याच्या तारेत गुंतले होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"रीऽ, खालचे सगळे मेले..."

पुढचं शेजारच्या ग्राइंडरनं खाल्लं. ती म्हणाली होती, "खालचे सगळे मेले होग्यावरी." कानडीत री म्हणजे अहो, आणि मेले म्हणजे वर. खालची सगळी चित्रं वर गेलीत हो, एवढाच त्याचा अर्थ. मला तो लगेच कळला. पण बाकड्यावर उदगीरकडचा एक म्हातारा शेतकरी जळालेली मोटार नव्या तारेनं भरून घ्यायला बसला होता आणि त्याला कानडीचा गंध नव्हता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

फोन चालूच होता. "सकाळपासनं बघायलेय मी. धा-बारा तरी होते की. एक बी दिसेना."

"धा-बारा," म्हातारा पुटपुटला.

"अगं, घाबरू नको," मी म्हणालो. "वर बघ. समदे वरच हैत. कुणी कुठं जात न्हाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बाईमाणसाला असाच धीर द्यावा लागतो, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मला वर नकोत. होते तसं खाली आणा त्यास्नी."

"संध्याकाळी येतो आणि आणतो."

यावर मात्र म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. मग उठला, शेजारच्या गिऱ्हाइकाला कोपरानं ढोसलं आणि दोघं बाहेर पडले. चहाला गेले असतील म्हणून मी तारेत डोकं घातलं.

ते चहाला नव्हे, पत्ता विचारत आमच्या घरी गेले होते. आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालक राहतात, पोस्टातनं निवृत्त झालेले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा बनियनवर तुळशीला पाणी घालत होते. पुढचं त्यांनीच संध्याकाळी वर येऊन सांगितलं, आणि अर्ध्या गल्लीला आधीच सांगून झालं होतं.

"म्हातारा दारात उभा, टोपी हातात. मला इचारतोय, मयत कुठं हाय? मी म्हटलं, कुणाची? तर म्हणतोय, खालच्यांची. म्हटलं बाबा, खालचा मीच."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मला वरपासनं खालपर्यंत बघितला आणि म्हणतोय, बाकीचे कितीजण ऱ्हायलेत? म्हटलं, जिवंत हाय हे वर जाऊन एकदा दाखवून यावं."

मी हसता हसता खुर्चीवरून खाली यायच्या बेतात होतो. बायको हसली नाही. अण्णा गेल्यावर ती म्हणाली, "परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. मी कुठली वस्तू कुठं हाय ते शिकायचं, आणि तुम्ही ती उचलून दुसरीकडं ठेवायची. कामून?"

कामून म्हणजे का, कशासाठी. खाज म्हणून सांगता येत नाही.

"माझी चूल वेगळी काढून द्या," ती म्हणाली.

घरात भांडणं होऊन वेगळ्या चुली झालेल्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण कॉम्प्युटरात पहिलीच. मी तिच्या नावानं वेगळं खातं काढलं. तिनं सगळ्यात साधा डेस्कटॉप निवडला. पट्टी खाली, अक्षरं मोठी, मागं चित्र नाही. पासवर्ड टाकताना मला तोंड फिरवायला लावलं. आता माझ्या खात्यात मी वाटेल तेवढे तळ हलवावेत, तिच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं.

ती रोज शाळेतून आली की तोंड धुऊन बसायची. फाइल उघड, कानडीत चार ओळी लिही, सेव्ह कर, बंद कर, पुन्हा शोधून उघड. आठवड्याभरात तिचा हात न अडखळता सेव्हवर जायला लागला. सेव्ह झालं की ती बोटानं टेबलावर हलकेच टकटक करायची. ती टकटक मला आतल्या खोलीत ऐकू यायची.

आणि मी? माझ्या हद्दीत मी एकापाठोपाठ एक डेस्कटॉप बसवत सुटलो. परीक्षेच्या आठवड्यात एका दुपारी दुकान बंद होतं. न लागणारे डेस्कटॉप फार साठलेत, म्हणून मी ते काढायला बसलो. एक काढला, दुसरा काढला. तिसरा काढताना कॉम्प्युटरनं पडद्यावर भलीमोठी यादी दाखवली आणि विचारलं, हे सगळं काढू का? मी न वाचता हो म्हटलं. चुली वेगळ्या होत्या, पण जमीन एकच होती, हे पडदा काळा झाल्यावर कळलं. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही, तिच्या खात्यातही नाही.

ती शाळेतून आली, तोंड धुतलं, बसली.

"हे काय?"

"जरा साफसफाई केली."

"कुणाची?"

मी उगाच माऊस हलवला. मग तिनं पुस्तक उचललं, चष्मा घेतला आणि जिना उतरून खाली गेली. अण्णांच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. घेतला त्या दिवसापासून त्यातलं काही हललेलं नाही, आणि त्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, विणलेलं झाकण असतं. परीक्षेपर्यंत ती तिथंच बसू लागली.

मी दुसऱ्या दिवशी झटून सगळं पूर्ववत केलं. जिन्यावरून वाकून सांगितलं, "झालं बघ. होतं तसंच केलंय."

खालून तिचा आवाज आला, "असू द्या. हितं बरं चाललंय माझं."

आता वरचा कॉम्प्युटर पूर्ण माझा होता. कुणाची हरकत नाही, कुणाची हाक नाही. मी पट्टी डावीकडं नेली, उजवीकडं नेली, शेवटी पार घालवूनच टाकली. दहा मिनिटंसुद्धा रमलो नाही. खालून मधूनमधून टकटक आल्यासारखी वाटायची आणि मी उठून जिन्यापर्यंत जाऊन परत यायचो.

परीक्षा रविवारी होती, गावातल्याच एका कॉलेजात. मी स्कूटरवर बसून फाटकाबाहेर थांबलो. थांबलो म्हणजे स्कूटर एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली नेत राहिलो. वॉचमन म्हणाला, "भाऊ, एका जागी थांबा की. मला गरगरायलंय तुम्हाला बघून."

लोक बाहेर यायला लागले. काहींचे चेहरे बघवत नव्हते. ती आली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पदर सावरत म्हणाली, "तिथंच पडद्यावर दाखवलं. पास."

मी पहिलं सुचलं ते विचारलं.

"पट्टी कुठं होती? वर का खाली?"

"बघितलं न्हाई."

"बघितलं न्हाई म्हंजे? मग सेव्ह कशी केलीस?"

"केली," ती म्हणाली आणि मागं बसली. "मी पेपर लिवायला गेल्ते, पट्टी बघायला न्हाई. चला. आधी अण्णांना सांगायचंय."

गल्लीत स्कूटर पुरती थांबायच्या आतच ती उतरली. मी ती स्टँडवर चढवून, कुलूप लावून जिन्याशी आलो, तोवर तिच्या चपला खालच्या दारात होत्या.