कांदा पातीखाली होता

मी पुण्यात पावसाच्या जुन्या नोंदींचा अभ्यास करतो. माझं काम तीस-तीस वर्षांचं, उद्याचं नाही. उद्याचं सांगणारे लोक वेगळे. हे मी शेवगावजवळच्या आमच्या गावात कितीदा तरी सांगितलं, पण गावानं मला ‘पावसाचा साहेब’ करून ठेवलं ते ठेवलंच. वडिलांना त्याचं फार कौतुक, म्हणून मीही फारसं खोडून काढलं नाही.

त्या उन्हाळ्यात कांदा उपटून वावरात त्याच्याच पातीखाली सुकत पडला होता. आमच्याकडे तो तसा तीन-चार दिवस ठेवतात, मग पात कापून साठवणीच्या चाळीत भरतात. दुसऱ्याच संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

“आभाळ आलंय. पानी येईल का रं?”

मी संगणकावरची नजर न काढता म्हणालो, “दादा, या दिवसांत आपल्याकडे पाऊस नसतोच.”

सहसा नसतो म्हणून उद्या येणार नाही, असं नसतं. एवढंच नीट समजून घ्यायला मी आयुष्याची दहा वर्षं घातली होती आणि नेमकं तेच बापाला सांगितलं नाही. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. मला त्याची अजून लाज वाटते.

आई म्हणत होती, कांदा गोळा करू, ताडपत्री टाकू. वडील तिला म्हणाले, “पोरगं त्येच शिकल्यालं हाय. न्हाई म्हनलं म्हंजी न्हाई.” हे तिनं मला नंतर सांगितलं.

उजाडता उजाडता गारा पडल्या, मग तासभर पाऊस.

चार-पाच दिवसांनी मी गेलो तेव्हा वावराला सडका वास येत होता. वडील तापट माणूस, भाजीत मीठ जास्त झालं तरी ताट सरकवणारे. ते शिव्या घालतील, मग मला बरं वाटेल, या आशेवरच मी गेलो होतो. ते म्हणाले, “हातपाय धू. जेवून घे.”

तो पाऊस आता माझ्या नोंदींत आहे. तीस वर्षांच्या सरासरीत तो दिसतसुद्धा नाही.

त्यानंतर मीच रोज उद्याचा अंदाज बघून घरी फोन करतो. वडील “बरं” म्हणतात आणि पुढं जेवणाखाणाचं विचारतात.

गेल्या दिवाळीत घरी होतो. अंगणात बाजरी वाळत घातली होती आणि आभाळ भरून आलं. वडील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी वर पाहिलं, मग बांधापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली, “पानी येईल का रं?”